राखीव चार्जर : चैन की गृहदक्षता?

महाराष्ट्रातील जुन्या घरांत काही वस्तू नेहमी जोडीने नांदत असत. विजेचे दिवे आले तरी फळीवरचा कंदील अडगळीत गेला नाही. नळ आला तरी मोरीतला हंडा भरलेलाच राहिला. गॅसची शेगडी आली तरी रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याची पिन गृहिणीने कित्येक वर्षे जपून ठेवली. पुढे दुसरे सिलिंडर मिळू लागले, तेव्हा स्टोव्ह माळ्यावर गेला. कारण पहिले सिलिंडर नेमके पाहुणे पानावर बसलेले असतानाच संपते, हा घरोघरचा अनुभव होता. ज्या वस्तूवाचून घराचा दिवस अडतो, तिला पर्याय हाताशी असला पाहिजे, हा साधा गृहनियम त्या पिढीने कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास न करता पाळला.

हा नियम आज आठवण्याचे कारण म्हणजे मध्यमवर्गीयांच्या दारात आलेली विजेची मोटार. २००१ मध्ये बंगळुरात ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्याकडे कौतुकाने पाहणारे पुष्कळ होते, घेणारे थोडे. जानेवारी २०२० मध्ये टाटांची ‘नेक्सॉन ईव्ही’ आली आणि चित्र बदलू लागले. हौस म्हणून घेतलेली दुसरी गाडी, ही विद्युत मोटारीची ओळख मागे पडली. अनेक कुटुंबांत ती घरातील एकमेव चारचाकी झाली आहे. या गाडीबरोबर एक मूलभूत बदल घरात शिरला, तो मात्र पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. पूर्वी इंधनाचा पंप रस्त्यावर होता. एक बंद असला तर पुढचा उघडा असे. आता तो पंप घराच्या भिंतीवर आला आहे आणि तो एकच आहे.

एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गुरुजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. जाऊन येऊन ९० किलोमीटरचा प्रवास. पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून मुलाने विजेची गाडी घेऊन दिली आणि शेजारचा एक तरुण ती चालवतो. रविवारी रात्री चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्ज होत नाही. कंपनीचे सेवाकेंद्र जिल्ह्याच्या गावी. तंत्रज्ञ मंगळवारी येईल, सुटा भाग नसला तर आणखी चार दिवस लागतील, असे उत्तर फोनवर मिळते. डायलिसिस सोमवारी सकाळी आहे. अशा वेळी डिकीत दुसरा, साधा, हातात उचलून नेता येणारा चार्जर असणे किंवा नसणे, यात किती अंतर आहे हे वेगळे सांगावयास नको. हे घर कल्पनेतले आहे. पण अशा स्थितीत सापडू शकतील अशी घरे गावोगावी आहेत.

चार्जर म्हणजे नेमके काय?

या विषयात एक गैरसमज सार्वत्रिक आहे. भिंतीवर बसवलेल्या पेटीलाच लोक चार्जर म्हणतात. प्रत्यक्षात गाडीचा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे एसी. बॅटरीला लागते ती एकदिश प्रवाहाची, म्हणजे डीसी. हे रूपांतर गाडीतील ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरच्या पेटीचे काम द्वारपालाचे आहे. अर्थिंग ठीक आहे का, प्रवाह कोठे गळत तर नाही ना, हे ती तपासते. आपण किती अँपिअर देऊ शकतो हे गाडीला संकेताने कळवते आणि सर्व जुळल्यावरच वीज आत सोडते.

हा भेद समजून घेणे व्यवहारात फार उपयोगाचे आहे. बिघाड भिंतीवरच्या पेटीत किंवा तिच्या केबलमध्ये असेल तर राखीव चार्जर तत्काळ उपयोगी पडतो. गाडीतील ऑनबोर्ड चार्जर नादुरुस्त झाला असेल, तर घरात दहा चार्जर ठेवूनही काही साधत नाही. तेव्हा थेट डीसी वीज देणाऱ्या सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रावर गाडी नेणे हाच मार्ग उरतो, कारण तेथील वीज ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून बॅटरीकडे जाते. दोष कोठे आहे हे ठरवण्याची सोपी कसोटीही दुसरा चार्जरच पुरवतो. तो लावून गाडी चार्ज झाली, तर पहिली पेटी आजारी. झाली नाही, तर आधी घरची जोडणी आणि मग गाडी तपासावी.

बिघाडांची कारणे बहुतांशी साधी असतात. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सलग आठ-आठ तास पूर्ण प्रवाह ओढला जातो, तेव्हा ढिल्या पडलेल्या पत्त्या तापतात आणि प्लगचे प्लास्टिक वितळते. गीझर अर्धा तास चालतो आणि बंद होतो. गाडी रात्रभर चालू राहते. गीझरला पुरलेले सॉकेट गाडीला पुरेल, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, त्या वेळी व्होल्टेजचा झटका येऊन पेटीतील नाजूक सर्किट जळते. तळमजल्यावरील पार्किंगमध्ये उंदीर केबल कुरतडतात. सर्वांत अधिक सतावणारे कारण म्हणजे अर्थिंग. अनेक जुन्या इमारतींत अर्थिंगची तार नावापुरती असते. पंखा, दिवा, दूरचित्रवाणी संच यांना त्याचे सोयरसुतक नसते, पण गाडीचा चार्जर ते पहिल्या क्षणी ओळखतो आणि लाल दिवा दाखवतो. तेथे दोष चार्जरचा नसून घराचा असतो आणि दुसरा चार्जर आणला तरी तोही लालच दिवा दाखवणार. राखीव चार्जर विकत घेण्यापूर्वी चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे, ही म्हणूनच पहिली पायरी आहे.

चार्जर राखीव, पण वीज?

दुसरा चार्जर असला म्हणजे सर्व संकटांतून सुटका झाली, असेही समजू नये. चार्जरचा पर्याय आणि विजेचा पर्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा काही तास कोलमडला. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन परिसरातील गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी घरात कितीही चार्जर असून उपयोग नसतो.

येथे दोन भ्रम दूर करायला हवेत. पहिला घरातील इन्व्हर्टरचा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीत जेमतेम १.८ युनिट वीज मावते. ती सगळीच्या सगळी गाडीत भरता आली, तरी गाडी बारा किलोमीटरच्या पलीकडे जाणार नाही. शिवाय गाडीला लागणारा प्रवाह पेलण्याची त्या इन्व्हर्टरची ताकदही नसते. दुसरा भ्रम छतावरील सौरपटलांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेमुळे अनेक घरांवर सौरपटले बसली. तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी असा संच साधारण बारा युनिट वीज देतो; म्हणजे गाडीच्या ऐंशी किलोमीटरची सोय. पण ग्रिडला जोडलेला साधा सौरसंच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला घराघरांतून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठीची ती सुरक्षाव्यवस्था आहे. स्वतंत्र बॅटरी किंवा तशी सोय असलेला हायब्रिड इन्व्हर्टर नसेल, तर डोक्यावर लख्ख ऊन असूनही गाडी चार्ज होत नाही.

विजेच्या खंडासाठी खरा उपाय सवयीचा आहे. गाडीची बॅटरी निम्म्याखाली जाऊ न देणे आणि वादळाचा किंवा अतिवृष्टीचा इशारा मिळताच ती पूर्ण भरून घेणे. हंडा रिकामा ठेवून न झोपण्याची आजीची शिस्त येथे जशीच्या तशी लागू पडते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या हाती फक्त कुदळ राहते.

दुसरा कसा असावा?

राखीव चार्जर पहिल्याइतकाच मोठा आणि महाग असावा, असे मुळीच नाही. थोडा हिशेब केला की हे स्पष्ट होते. भिंतीवरचा मोठा चार्जर साधारण ७.२ किलोवॅटचा असतो आणि ३२ अँपिअर प्रवाह ओढतो. हातात नेता येणारा छोटा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. २२० व्होल्टने गुणले की ३.३ किलोवॅट होतात. मध्यम आकाराची विद्युत मोटार एका युनिटमध्ये सुमारे सात किलोमीटर धावते. शहरातील कुटुंबाचा रोजचा प्रवास ४० किलोमीटर धरला, तर रोज लागतात सहा युनिट. छोटा चार्जर तेवढी वीज दोन तासांच्या आसपास देतो. रात्रभर लावून ठेवला तर गाडी सकाळी दीड-पावणेदोनशे किलोमीटर जाण्यास सज्ज असते. आपत्काळासाठी याहून अधिक कशाची गरज आहे? गाडीच्या किमतीत लाखोंचा फरक सहज सोसणाऱ्या ग्राहकाला या छोट्या चार्जरचे काही हजार रुपये जड जाण्याचे कारण नाही.

तो विकत घेताना मात्र चोखंदळपणा हवा. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १७०१७ या मानकमालेनुसार तयार झालेला आणि पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेलाच चार्जर घ्यावा. प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय असलेला चार्जर अधिक उपयुक्त. गणपतीला मुंबईहून रत्नागिरीला निघालेल्या कुटुंबाला सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक पल्ला गाठायचा असतो. वाटेत जलद चार्जिंग केंद्रे मिळाली तरी गावच्या घरी पोहोचल्यावर परतीची सोय हवी. तेथील जुनी वायरिंग १५ अँपिअरचा भार सोसेलच असे नाही. प्रवाह दहा अँपिअरवर आणून रात्रीचे दहा तास गाडी लावून ठेवली, तर वीस-बावीस युनिट मिळतात आणि घराच्या तारांवरही ताण येत नाही. घरी राखीव म्हणून घेतलेला चार्जर प्रवासात असा सोबती होतो. मात्र त्याला बाजारातील स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड जोडू नये. आगीला ते आमंत्रण आहे.

घरातील दुसऱ्या चार्जरसाठी वेगळे सॉकेट, वेगळा एमसीबी आणि स्वतंत्र जाड तांब्याची तार असावी. दोन्ही चार्जर एकाच तारेवर असतील, तर ती तार जळाल्यावर दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि राखीव या शब्दाला अर्थ राहत नाही. प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अनिवार्य मानावा. वीजमंडळाकडे नोंदलेला मंजूर भार वाढवून घ्यावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणने जे पाणी पाहिले, ते ध्यानात घेऊन नदीकाठच्या गावांत पेटी आणि सॉकेट पूररेषेच्या वर बसवावे. भिंतीवरची पेटी तळमजल्यावर असेल, तर निदान छोटा चार्जर वरच्या मजल्यावर ठेवावा.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते गंभीरपणे ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा की, प्रत्येक वस्तू दोन-दोन घेण्याची वृत्ती हाच तर उपभोगवाद आहे. अपरिग्रहाचा संस्कार सांगणाऱ्या समाजाने तिचा पुरस्कार का करावा? दुसरा असा की, शहरांत सार्वजनिक चार्जिंग केंद्रे झपाट्याने वाढत आहेत. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत २,००० कोटी रुपये त्यासाठीच राखून ठेवले आहेत. मग घरात दुसरी पेटी कशाला?

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. मुंबई-पुण्यात ज्याच्या घराजवळ दोन-तीन केंद्रे आहेत, कार्यालयातही चार्जिंगची सोय आहे, त्याला राखीव चार्जरची घाई नाही. परंतु सार्वजनिक केंद्रावरची वीज घरच्या विजेपेक्षा महाग पडते, सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि सणासुदीला रांगा लागतात. शिवाय जिल्ह्याच्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटर आत राहणाऱ्यांना हे उत्तर लागू पडत नाही. तेथे वडिलांचे औषधपाणी आणि घरची डॉक्टरकी या गोष्टी एका गाडीवर अवलंबून असतात.

पहिला आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर परंपरेतच सापडते. अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडचा साठा न करणे. संकटाची तयारी न करणे नव्हे. शिवाय प्रत्येक घराने स्वतंत्र राखीव चार्जर घेतलाच पाहिजे, असेही नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आधुनिक विद्युत मोटारींना घरगुती चार्जिंगसाठी ‘टाइप २’ हा एकाच घडणीचा जोड असतो. त्यामुळे एका कंपनीच्या गाडीचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या गाडीला सहसा चालतो. दुचाकींच्या बाबतीत अशी एकवाक्यता अद्याप आलेली नाही. चारचाकींच्या बाबतीत ती आहे, हे अनेक गाडीमालकांना ठाऊकही नसते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे चार्जर असताना सेवाकेंद्राला दिवसभर फोन करत बसणे, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सोसायटीचे काम

शेजारधर्माचा हा मुद्दा गृहनिर्माण संस्थांनी उचलून धरला पाहिजे. पूर्वी चाळीत एकाच घरी शिवणयंत्र असे, एकाच घरी उंच शिडी असे आणि त्यावर सगळ्यांचा हक्क असे. वीस गाड्या असलेल्या सोसायटीने एक-दोन छोटे चार्जर संस्थेच्या खर्चाने घेऊन कार्यालयात ठेवले, एक सुरक्षित सॉकेट स्वतंत्र मीटरवर दिले आणि वापराची वही ठेवली, तर वीस कुटुंबांचा खर्च वाचेल आणि कोणाचेही काम अडणार नाही.

दुर्दैवाने अनेक सोसायट्यांत आज चित्र उलटे आहे. गाडीमालकाला चार्जर बसवू द्यायचा की नाही, यावर सर्वसाधारण सभेत तासन्तास वाद होतात. आगीची भीती बोलून दाखवली जाते आणि ती सर्वस्वी निराधार नसते. खिडकीतून खाली सोडलेल्या लोंबत्या वायरवर गाडी चार्ज करणारे महाभागही आहेत. पण ज्या सोसायटीत रीतसर जोडणीला नकार मिळतो, तेथेच अशा चोरट्या वायरी लोंबतात, हेही विसरून चालणार नाही. कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. बॅटरी चार्ज करणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या वीजग्राहक हक्क नियमांनी विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला दिला आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आणली. आदर्श इमारत उपविधींत २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने नव्या इमारतींत वाहनतळाच्या २० टक्के जागेवर चार्जिंगची तयारी अपेक्षिली आहे. सचिव आणि सभासद दोघांनीही हे नियम वाचले, तर निम्मे वाद सभेपर्यंत येणारच नाहीत.

जबाबदारी केवळ ग्राहकाची नाही. गाडी विकताना पन्नास वैशिष्ट्यांची जाहिरात करणाऱ्या कंपन्या चार्जर बंद पडल्यास बदली चार्जर किती तासांत मिळेल, याची लेखी हमी सहसा देत नाहीत. दुरुस्तीच्या काळात ग्राहकाला उसना चार्जर देणे कोणत्याही कंपनीला अशक्य नाही. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या तालुक्याच्या मुलांना चार्जरची जोडणी आणि दुरुस्ती शिकवली, तर गावातच रोजगार निर्माण होईल आणि ग्राहकाचे परावलंबनही संपेल. बॅटरीच्या पेशींसाठी देश आजही मोठ्या प्रमाणात चीनमधील आयातीवर विसंबून आहे. ते अवलंबित्व एका रात्रीत संपणारे नाही. पण भिंतीवरची पेटी दुरुस्त करण्यासाठी तरी शंभर किलोमीटरवरून माणूस बोलवावा लागू नये, एवढे स्वावलंबन सहज साधण्याजोगे आहे.

खंडेनवमीला घरातील अवजारांची पूजा होते आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडतो. त्या दिवशी डिकीतील राखीव चार्जरही बाहेर काढावा, केबल कोठे चिरली आहे का ते पाहावे आणि तासभर गाडीला लावून तो चालतो याची खात्री करून घ्यावी. हेच काम महिन्यातून एकदा व्हावे हे उत्तम. फळीवर कंदील ठेवणारी आजी त्याची काच पुसून ठेवी, वात कापून ठेवी आणि त्यात तेल आहे ना ते पाही. अंधार झाल्यावर तो कंदील पेटत असे, तो त्या रोजच्या काळजीमुळे. विजेच्या गाडीच्या युगातही घर चालते ते अशाच काळजीवर.